अळणी रांग

"कोंबडीकडे बघायच्या आधी तिला दाणा घालणाऱ्याकडे बघत जा," असं माझ्या गाइड श्यामला मॅडम मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी मान डोलावली आणि सोडून दिलं. मॅडम असं पुष्कळ बोलतात. टोमणा आणि सल्ला त्यांच्याकडे एकाच सुरात मिळतो, त्यामुळे कुठला वहीत उतरवायचा आणि कुठला हसण्यावारी न्यायचा ते कळत नाही. हा मी हसण्यावारी नेला.

मी पीएचडी करते. विषय, कोंबडीचं आतडं. आमच्या सदाशिव पेठेतल्या बिल्डिंगमध्ये हे सांगितलं की जिन्यातच प्रश्न येतो, "आतडं? आणि त्याला पाच वर्षं?" सासूबाई पाहुण्यांना सांगतात, "ती पक्ष्यांचं काहीतरी करते." पक्षी म्हटलं की निदान मोर डोळ्यांपुढे येतो.

पण मला विचाराल तर त्या आतड्यानं मला वेड लावलंय. कोंबडीला मूत्राशय नसतं, हे तुम्हाला माहीत होतं का? मला एमएस्सीपर्यंत माहीत नव्हतं. तिची लघवी बाहेर पडण्याआधी उलटी फिरते आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात शिरते. तिथे तिची झडती होते. आतड्याच्या पेशींवर प्रथिनांची बारीक दारं असतात, फक्त मिठातल्या सोडियमसाठी. अंगात मीठ पुरेसं असेल तेव्हा त्या शेवटच्या भागातली दारं जवळजवळ सगळी बंद. मीठ मिळेनासं झालं की मूत्रपिंडांच्या टोकाशी असलेल्या ग्रंथी एक संप्रेरक सोडतात, अल्डोस्टेरॉन. रक्तातून निरोप जातो आणि आठवडा-दीड आठवड्यात ती दारं हजारोंनी उघडतात. मग मिठाचा कण म्हणून वाया जात नाही. पुन्हा मीठ खायला घाला, दिवसभरात दारं मिटायला लागतात. उघडायला वेळ, मिटायला घाई. का? ते शोधणं हेच माझं काम.

त्यासाठी डिपार्टमेंटच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये तीस कोंबड्या आहेत. एका रांगेला ज्वारी, मका आणि गहू, मिठाविना. ही अळणी रांग. पिंजऱ्यांवर निळी पट्टी आणि खाद्याच्या डब्याला निळं झाकण. दुसऱ्या रांगेला तेच खाद्य, पण मीठ कालवून. तिथे सगळं लाल. रंग ठेवले ते बायडाबाईंसाठी. दहा वर्षं त्या शेड सांभाळतायत आणि वाचण्यापेक्षा रंगांवर त्यांचा विश्वास जास्त. "अक्षर पुसतंय ताई, रंग ऱ्हातोय," असं त्या म्हणायच्या. दहा वर्षांत त्यांच्या हातून एक कोंबडी इकडची तिकडे झाली नव्हती.

फेब्रुवारीच्या शेवटी मी अकरा नंबरची कोंबडी घेतली. निळ्या रांगेतली. कोंबडी कापायची असेल त्या दिवशी बायडाबाई वर लॅबमध्ये पाऊल ठेवत नाहीत. कोंबडी माझ्या हातात देऊन, तिच्या डोक्यावरून बोट फिरवून निघून जातात. मी आतड्याचा शेवटचा तुकडा डफावर कातडं ताणतात तसा दोन प्लास्टिकच्या वाट्यांमध्ये ताणून बसवला. दोन्ही बाजूंना खारं पाणी सोडलं. दारं उघडी असली तर सोडियम एका बाजूनं दुसऱ्या बाजूला धावतो आणि त्याचा विजेचा प्रवाह मोजता येतो. मग एका औषधाचा थेंब टाकायचा. ते औषध ही दारं बंद करतं आणि प्रवाह धाडकन कोसळतो. जेवढा कोसळला, तेवढी दारं उघडी होती.

अकरा नंबरचा प्रवाह मुळात होताच नगण्य. थेंब टाकला. आकडा ढिम्म.

तारा बदलल्या. औषध नवीन कालवलं. दुसऱ्या दिवशी चार नंबर घेतली, तीही निळ्या रांगेतली. तेच. तीन आठवडे मिठाचा कण न खाल्लेल्या कोंबडीची दारं अशी मिटलेली, जणू रोज लोणचं खातेय.

मी शेडमध्ये गेले. पिंजऱ्यांखाली विष्ठेसाठी कागद घातलेले असतात. माझी अवनी नऊ महिन्यांची आहे. नऊ महिने मी तिचं एकेक लंगोट उजेडात धरून बघितलंय, रंग, ओल, वास. माझा नवरा पुष्कर म्हणतो, "एवढं बारकाईनं मी टॅक्सचं रिटर्नसुद्धा बघत नाही." त्या सवयीनं मी कागद बघितले. निळ्या रांगेखालचे ओलेचिंब. मीठ खाल्लं की कोंबडी पाणी जास्त पिते आणि खाली ओल वाढते. म्हणजे निळ्या रांगेला कुणीतरी मीठ घालत होतं.

बायडाबाई नळाशी बसून बाटलीनं पाणी पीत होत्या. पायात दोन वेगवेगळ्या चपला. मला त्याही दिसल्या. मला सगळं दिसतं, हाच तर माझा आजार आहे.

"बायडाबाई, निळ्या रांगेला काही वेगळं घातलंत का?"

"म्या? न्हाई बा. तुमी दावलंय त्येच."

"नक्की ना?"

"मग काय लबाड बोलू का?" त्या थांबल्या. पुन्हा बाटली तोंडाला लावली. "पर एक सांगते ताई. मुक्या जिवाला अळणी घालायचं बरं न्हाई. अळणी खाऊन जीव कसा कासावीस हुतोय, ते खानाऱ्यालाच ठावं."

झालं. माझ्या डोक्यात केस निकालात निघाली. दया. बाईंना दया आली आणि त्या मूठभर मीठ टाकतात. मला हे पटायला वेळ लागला नाही, कारण घरी माझी हीच लढाई चालू होती. डॉक्टरांनी अवनीला वर्षभर मीठ नको म्हणून सांगितलेलं, आणि मी पाठ फिरवली की सासूबाईंची चिमूट मऊभातावर.

"आई, पुन्हा घातलंत?"

"एक कण गं. पुष्कर काय अळणी वाढला?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"हो, तेव्हा कोंबड्यांना विचारून मुलं वाढवायची पद्धत नव्हती."

म्हणून मी अवनीच्या पाळण्याकडे आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे रोखलेला एक छोटा कॅमेरा घेतला होता. मोबाइलवर दिसतो. पुष्करनं त्याचं नाव 'येरवडा' ठेवलंय.

मॅडमना मी सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि टेबलावरचा एक छापील कागद माझ्याकडे सरकवला. बायडाबाईंचं काम कंत्राटी. दर मार्चला शेरा जातो, मग पुढचं वर्ष.

"समाधानकारक, असमाधानकारक. दोनच चौकटी आहेत," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी ऑफिसला द्यायचाय. कोंबड्या तुझ्या, प्रयोग तुझा. तू सांगशील तिथे खूण करते."

"मॅडम, असमाधानकारक म्हटलं तर?"

"तर एप्रिलपासून दुसरी बाई. साठीच्या बाईला ऑफिस दुसरीकडे कुठे बसवणार? ग्रंथालयात?"

गुरुवार होता. मी खाली उतरले. बायडाबाईंच्या घरात मुलगा आहे, सून आहे, पण या शेडशिवाय बायडाबाई कशा दिसतील ते मला डोळ्यांपुढे आणता येईना. बाळंतपणानंतर मी कामावर परत आले त्या दिवशी दूध काढायला जागा नव्हती. त्यांनीच खाद्याची कोठी झाडून, खिडकीला पोतं लावून मला बसायला स्टूल दिलं होतं. आणि आता त्यांच्या नावापुढे कुठे खूण करायची, ते मी सांगायचं.

पुरावा पक्का असावा म्हणून शुक्रवारी एक गोष्ट केली. लाल रांगेतली तेवीस नंबरची कोंबडी घेतली. ती मीठ खाणारी, तिची दारं बंदच असणार. ती बंद निघाली की निदान माझं यंत्र बरोबर आहे एवढं तरी सिद्ध होईल.

तुकडा ताणला. प्रवाह सुरू केला. आकडा चढायला लागला. चढतच गेला. औषधाचा थेंब टाकल्यावर धाडकन खाली आला.

मी खुर्चीवर बसले. तेवीस नंबरची दारं सताड उघडी होती. मीठ खाणाऱ्या कोंबडीची!

आता गंमत बघा. दया करणारी बाई अळणी कोंबडीला मीठ घालेल, समजू शकतं. पण जिला मीठ मिळतंय तिच्या तोंडचं काढून का घेईल? आणि तेही एकदा नाही. ही दारं एका दिवसात उघडत नाहीत. अल्डोस्टेरॉनचा निरोप निदान आठवडाभर सारखा जावा लागतो. म्हणजे तेवीस नंबरला कितीतरी दिवस मीठ मिळालेलं नव्हतं. दोन्ही रांगा बरोबर उलट्या झाल्या होत्या. यात दया नव्हती. द्वेष नव्हता. हेतूच दिसत नव्हता. आतड्यानं मला सांगितलं ते एवढंच, की तू चोर शोधतेयस आणि इथे चोरी झालेलीच नाही.

मग झालं काय होतं?

शनिवारी अवनीचा कॅमेरा पिशवीत घालून आणला. सासूबाईंना तेवढी सुट्टी. बायडाबाई यायच्या आत तो शेडच्या कोपऱ्यात खिळ्याला अडकवला. बाराच्या सुमाराला कोठीत दूध काढायचा पंप लावून बसले आणि मोबाइल मांडीवर ठेवला.

बायडाबाई आल्या. निळ्या झाकणाचा डबा उचलला. दोन्ही रांगांच्या मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

आणि उभ्याच राहिल्या.

मला वाटलं चित्र अडकलं. पण मागे कोंबड्या माना हलवत होत्या. एक मिनिट गेलं. दोन. बायडाबाईंचे ओठ हलत होते. त्यांनी डब्याकडे पाहिलं, पिंजऱ्यांकडे पाहिलं, एका हातानं गज धरला. मग लाल रांगेकडे वळून निळा डबा ओतायला सुरुवात केली, हळूहळू, एकही दाणा न सांडता, दहा वर्षांच्या सवयीच्या हातानं. नंतर लाल डबा निळ्या रांगेला, रोज असंच घालत असल्यासारखा. मग बाटली उचलून घटाघटा पाणी प्यायल्या. भरली, पुन्हा प्यायल्या. आणि रिकामा डबा घेऊन परत येऊन तशाच उभ्या राहिल्या, पुन्हा दाणा घालायला, आत्ताच घातलेला विसरून.

मी पंप तसाच टाकून धावले.

"बायडाबाई, बसा. बसा आधी."

"रुपाली, तू हितं कशाला आलीस?" त्या म्हणाल्या. रुपाली ही त्यांची सून.

"मी कादंबरी. तुमची लॅबमधली ताई. काल रात्री काय जेवलात, बायडाबाई?"

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. प्रश्न समजला होता. उत्तर शोधायला आत गेल्या होत्या आणि परतीची वाट सापडत नव्हती. मी मोजत बसले नाही, पण मागच्या रस्त्यावरून पीएमपीची बस आली, स्टॉपवर थांबली, निघून गेली, तेव्हा कुठे त्या म्हणाल्या, "अळणी."

त्यांच्या पिशवीत कागदात गुंडाळलेल्या गोळ्या होत्या. मी रुपालीला फोन लावला.

"बीपीच्या हायेत ताई," ती म्हणाली. "महिना झाला. एक साधी, एक लघवी हुयाची. डॉक्टरनी मीठ कमी करा म्हनलं."

"कमी म्हणजे किती केलंत?"

"कमी कशाला, म्या बंदच केलं की. पापडसुदिक न्हाई. माझे वडील बीपीनंच गेले ओ. सासूबाईंना तसं हुऊ द्यायचं न्हाई मला." मग पुढे, "पानी बी भरपूर पाजते. शेजारच्या म्हनत्या, पान्यानं बीपी उतरतं. चार-पाच बाटल्या हुत्यात."

"त्या विसरायला लागल्यात का?"

"ते वयानं हो ताई. परवा गॅसवर रिकामं पातेलं ठेवलं. माझा नवरा बी म्हनला, आईचं आता वय झालं."

मी मनातल्या मनात बेरीज केली. मीठ आत जाणं बंद. गोळी लघवीवाटे मीठ बाहेर काढतेय. वरून पाण्याचा लोंढा. तीन आठवडे मी तीस कोंबड्यांच्या मिठाचा हिशोब ठेवत होते आणि त्यांना दाणा घालणाऱ्या बाईचं सोडियम रोज थोडं थोडं उतरत होतं. कोंबडी असती तर लघवी उलटी फिरवून कणन् कण परत घेतला असता. माणसालाही अल्डोस्टेरॉन आहे, निरोप आपल्यातही जातो, पण आतड्याची ती शेवटची झडती आपल्याकडे नाही. मूत्रपिंडानं सोडलं ते गेलं. आणि त्यांच्या मूत्रपिंडातलं मीठ राखायचं एक दार तर गोळीनंच लावून ठेवलेलं.

रिक्षात त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरनं रिपोर्ट बघितला आणि मान वर केली.

"या चालत आल्या?"

"हो. आज कामही केलं."

"सोडियम एकशे सतरा आहे. एकशे पस्तीसच्या खाली असू नये." त्यानं नर्सला हाक मारली. "आणखी उतरलं असतं तर झटके आले असते. बेशुद्ध झाल्या असत्या. पुढचं मी बोलत नाही."

"मग लगेच मीठ चढवा ना!"

"लगेच नाही. उतरलंय हळूहळू, तर चढवायचंही हळूहळू. घाईनं चढवलं तर मेंदूला कायमची इजा होते." तो माझ्याकडे बघून हसला. "तुम्ही काय करता?"

"कोंबडीच्या आतड्यातलं मीठ."

"अच्छा," तो म्हणाला. माझ्याविषयी नक्की काय मत करून घ्यावं हे त्याला कळलं नसावं.

बाहेरच्या बाकावर रुपाली आली, चेहरा पांढरा. "म्या मारलं असतं का ओ त्यास्नी?" ती पुन्हा पुन्हा विचारत होती. मी तिला शेजारी बसवलं. मीसुद्धा दोन दिवस त्या बाईकडे टक लावून बघत होते. वेगवेगळ्या चपला बघितल्या, घटाघटा पाणी पिणं बघितलं, बोलताना थांबणं बघितलं, आणि त्या सगळ्यातून एक चोर तयार केला. मुलीच्या तोंडात कण गेला तर मला कळतं. ही बाई माझ्यासमोर विरघळत होती, ते मला आधी कोंबडीच्या आतड्यानं सांगावं लागलं.

"तुम्ही मारलं नाहीत," मी रुपालीला म्हटलं. "डॉक्टरांनी कमी म्हटलं, तुम्ही माया जास्त केली. आता त्यांना विचारूनच करायचं. मीठसुद्धा आणि पाणीसुद्धा."

मॅडमना फोन केला तेव्हा मी रडले. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाल्या, "शेऱ्याचा कागद मी शुक्रवारीच पाठवून दिला. समाधानकारक."

"पण तुम्ही तर सोमवारपर्यंत..."

"दहा वर्षांत त्या बाईनं चूक केलेली नाही. अचानक केली तर बाईत काहीतरी बिघडलंय, एवढं मला आतडं न कापता कळतं. काय बिघडलंय ते मात्र कळलं नव्हतं." मग नेहमीचा सूर परतला. "तुझी ही बॅच गेली, बरं का. तीसही कोंबड्या पहिल्यापासून. मुदतवाढीचा अर्ज नीट अक्षरात लिही."

पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेले. सोडियम एकशे बत्तीसवर आलं होतं. लघवीची गोळी डॉक्टरांनी बदलली होती, पाण्याचं माप लिहून दिलं होतं. बायडाबाई उशीला टेकून बसल्या होत्या, केस विंचरलेले. मला बघताच म्हणाल्या, "ताई, निळ्या रांगेला कोन घालतंय?"

"मी."

"तुमी?" त्यांनी रुपालीकडे बघितलं. "मग मला लवकर सोडा म्हनावं डॉक्टरला."

मग मला जवळ बोलावून खालच्या आवाजात म्हणाल्या, "मला समदं आयकू येत हुतं बगा. रुपाली बोलायची, तुमी बोलायचा. पर मदी पानी असल्यावानी. म्हनावं तर शबुद न्हाई. ह्ये म्हनत्यात वय झालं. मला बी वाटलं, आसंल. कुनाला सांगायचं?"

तेव्हापासून मला त्यांचं हे शेवटचं वाक्य सोडत नाही, आणि म्हणूनच हे तुमच्यापर्यंत पोचवतेय. तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, कुणीतरी असं असेल, ज्यांचं मीठ मायेनं बंद केलंय, ज्यांना बीपीची गोळी चालू आहे, जे हल्ली पाणी फार पितात, चालताना तोल जातो, विसरतात. "वय झालं," असं आपण त्यांच्यासमोरच म्हणतो. मनानं मीठ वाढवू नका, गोळीही बंद करू नका. त्यांच्या डॉक्टरांना सोडियम तपासायला सांगा. पण त्याआधी, आज संध्याकाळी, त्यांच्यासमोर जाऊन बसा. काल काय जेवलात, एवढंच विचारा. उत्तर तुम्ही देऊ नका, घाई करू नका, मोबाइल बघू नका. त्यांना किती वेळ लागतो ते बघा.